तिसरी कवटी

समुद्र मी पाहिला तो पार म्हातारपणी. पण बुडालो मात्र सतराव्या वर्षीच, आणि तेही पाटोद्याच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगरात, जिथं त्या साली चिमणीची चोच ओली होईल एवढं पाणी नव्हतं. बुडवणारा माझा सख्खा मामा. निदान गाव तसं म्हणत आलं, आणि मीही पुष्कळ वर्षं तसं म्हणू दिलं. दगडूमामा हा मायचा धाकटा भाऊ. मोगलाईतून पळून इंग्रजी मुलखात गेलेला, मुंबईच्या गोदीत हमाली करता करता एका जहाजावर खलाशी म्हणून चढलेला, आणि दहाबारा वर्षांनी एक पाय लंगडा, एक कान अर्धा आणि अंगाला कसलासा खारट वास घेऊन एका दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसलेला. माय त्याला बघून आधी ओरडली, मग रडली, मग चुलीकडं पळाली. त्या दिवशी तिनं येसराची आमटी केली आणि मामानं तिच्यात कुस्करून तेरा भाकरी खाल्ल्या. हा आकडा दरसाली एकानं वाढतो असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. वाढू द्या. भाकरी मायनं थापल्या, मामानं खाल्ल्या, तिच्या बापाचं काय गेलं!

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव ओट्याखाली जमलं. आमच्या गावात तेव्हा मुंबई पाहिलेला माणूस नव्हता. चौसाळ्याच्या पलीकडं गेलेला माणूससुद्धा परत आल्यावर आठ दिवस छाती काढून चालायचा. कुणीतरी विचारलं, "दगडू, पाय कावून मोडला बे?" मामानं विडीचा झुरका घेतला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि खर्जात म्हणाला, "चाच्यांनी तोडला." हळूहळू सगळ्या माना एका बाजूला वळल्या. कारण आमच्या गावात चाचा एकच. चांदचाचा, कापूस पिंजणारा. अंगानं असा वाळलेला की पिंजायला बसला की धनुकली कुठली आणि चाचा कुठला ते जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. तो तिथंच उकिडवा बसला होता. "या अल्ला!" तो ताडकन उठला. "मैं कब तोड्या रे तेरा पाँव? मैं तो मुर्गी का पाँव बी नईं तोड्या आजतलक!" मामानं मग सांगितलं की समुद्रावर जे दरोडेखोर असतात, जहाजं लुटतात, माणसं कापून पाण्यात टाकतात, त्यांना चाचे म्हणतात. चाचाला हे पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो खूश झाला. त्यानंतर तो गल्लीतून निघाला की पोरं "चाचे आले, चाचे आले" करून पळायची, आणि तो धनुकलीची तार टणत्कारत त्यांच्या मागं धावायचा. त्या वर्षी गावात एवढंच काय ते हसू होतं.

मामाच्या गाठोड्यात दोन धोतरं, एक आरसा आणि सहा फासे होते. फासे देवमाशाच्या हाडाचे आहेत असं मामा म्हणायचा. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की हाड म्हशीचं आहे, आणि तीही भाकड म्हैस असावी. प्रत्येक फाशाच्या तीन बाजूंवर मोहर कोरलेली, दोन बाजूंवर नुसत्या लाटा, आणि एका बाजूवर तापल्या सळईनं डागलेली कवटी. खेळ चाच्यांचा: नारळाच्या करवंटीत फासे खुळखुळवायचे आणि घोंगडीवर उपडे करायचे. जितक्या मोहरा वर येतील तितके चिंचोके आपल्यापुढं मांडायचे. ती आपली लूट. लाट आली तर काही नाही. कवटी आली तर तो फासा बाजूला, तो पुन्हा टाकायचा नाही. उरलेले हवे तितक्या वेळा टाका, लूट वाढवा. पण एका डावात तिसरी कवटी आली की जहाज बुडालं. पुढ्यातले सगळे चिंचोके पाण्यात. म्हणून शहाण्या चाच्यानं वेळेवर थांबायचं. आणि थांबायचं म्हणजे मोठ्यानं म्हणायचं, "नांगर!" ते म्हटलं की लूट आपली, डाव दुसऱ्याचा.

इथं पहिल्याच दिवशी आबांनी खोडा घातला. ते दारातच लव्हाळ्याच्या दोऱ्या भिजवत बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, नांगराचा आन थांबन्याचा काय संबंद?"

"दाजी, जहाज थांबवाया लोखंडाचा नांगर पान्यात टाकत्यात."

"पान्यात नांगर टाकून कुणाचं भलं झालंय?" आबा म्हणाले आणि दोऱ्या उचलून मळ्याकडं गेले. आमच्याकडं नांगर म्हणजे काम. नांगर धरला की तास, म्हणजे ह्या बांधापासून त्या बांधापर्यंतची ओळ, पुरा होईस्तोवर माणूस रुमण्याच्या मुठीवरचा हात काढत नाही. साप आडवा गेला तरी नाही, कुणी मेल्याची वर्दी आली तरी तास संपवून मगच डोक्याला हात लावायचा. पुढं कितीतरी वर्षांनी नातवानं मला मुंबईला नेलं, तेव्हा धक्क्यावर गंजत पडलेला तो दुसरा नांगर मी पाहिला. दोन फाळाचा, बिनरुमण्याचा, तीन बैलगाड्यांएवढा. मी त्याच्यावर हात ठेवून इतका वेळ उभा राहिलो की नातवाला वाटलं आजोबांना झटका आला.

खेळानं गावाला येड लावलं. ज्या घरात दाणे नव्हते त्या घरातही चिंचोके होते, म्हणून असेल. पेरण्या दोनदा वाया गेलेल्या, रानात काम नाही, बाजार ओस. माणसं सकाळी हुलग्याचं माडगं पिऊन जी खेळायला बसायची ती माडगं जिरेपर्यंत, आणि ते लवकर जिरायचं. मामाच्या फाशांवर बघून सुतारानं बाभळीचे फासे करून दिले. घरोघर करवंट्यांचा खुळखुळाट. मोटेच्या चाकाची कुरकुर जवळजवळ थांबली होती. तिच्या जागी हा आवाज आला. वरच्या आळीत आमच्या ओट्यावर मामाचा दरबार. मामा पायामुळं ओटा सोडत नसे. खालच्या आळीतला दरबार माझा.

आता मी कोण होतो तेही सांगितलं पाहिजे. मी रंग्या. मिसरूड फुटलेलं, लग्न लागलेलं, बायको अजून माहेरी. आणि थापा मारण्यात अख्ख्या तालुक्यात मला तोड नव्हती. चौसाळ्याच्या वाटेवर मी एका बिबट्याला त्याच्याच शेपटीनं बाभळीला बांधून आलो, ही हकीकत मी इतक्यांदा आणि इतक्या परींनी सांगितली होती की शेवटी शेवटी ती बाभळसुद्धा लोकांना दाखवायचो. लोक हसायचे, पण ऐकायचे. थाप ऐकायला पैसा पडत नाही, आणि त्या वर्षी पोटभर मिळण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती.

खालच्या आळीतल्या पहिल्याच डावात माझा चुलतभाऊ सोपान माझ्यासमोर बसला. केरबातात्यांचा हा थोरला. केरबातात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ, वयानं मोठे. आमची रानं शेजारी आणि विहीर सामाईक. सोपाननं नऊ मोहरा काढल्या, दोन कवट्या बाजूला पडल्या, आणि गडी मामाकडून ऐकलेलं आठवून ओरडला, "नांगर!" चिंचोके ओढायला त्यानं हात घातला. माझ्यापुढं होते सहा. हरणं मला परवडणारं नव्हतं; दरबार माझा होता. मी त्याचा हात धरला.

"नांगर म्हनलास न्हवं? मग टाक."

"कावून? मामा तर म्हनले..."

"मामा काय म्हनले ते तुला कळलं न्हाई. आरं, नांगर धरला की मान्सानं तास अर्ध्यात सोडायचा असतो का? नांगर म्हंजी अजून एकदा टाकतो. थांबायचं आसंल तर 'सुटलं' म्हनायचं. औत सुटलं म्हंजी सुटलं."

एका क्षणात रचलेली ही थाप, पण इतकी गोल, इतकी गुळगुळीत की माझी मलाच खरी वाटली. समोर बसलेली सगळी शेतकऱ्यांची पोरं. त्यांनी माना डोलावल्या. सोपाननं विचारलं, "शप्पत?" मी गळ्याला चिमटा घेऊन म्हणालो, "पानमळ्याची शप्पत." त्यानं फासे टाकले, तिसरी कवटी आली, आणि नऊ चिंचोके पाण्यात गेले. त्या दिवसापासून खालच्या आळीत नांगर म्हणजे टाक आणि सुटलं म्हणजे थांब. वरच्या आळीत मामाच्या दरबारात नांगर म्हणजे थांब. एका गावात एका शब्दाचे दोन अर्थ नांदू लागले आणि महिनाभर त्यांची गाठ पडली नाही.

पानमळ्याची शप्पथ मी घेतली ती उगाच नव्हे. आबांचा पानमळा माझ्याच वयाचा. मी जन्मलो त्या साली त्यांनी वेल लावले. आमच्या दोघांत त्यांचा लाडका कोण होता हे विचारायची गरज नव्हती. शेवरीच्या उंच उंच झाडांवर नागवेली चढवलेल्या, आत गेलं की वैशाखातही अंगावर काटा यावा असा गारवा आणि हिरवा अंधार. मळ्याच्या तोंडाशी आबा वहाणा काढायचे. आत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, थुंकायचं नाही. वेल शेवरीला बांधायचा तो भिजवलेल्या लव्हाळ्यानं, सैल गाठ मारून. माय म्हणायची, "माज्या गळ्यात डोरलं बांदताना एवढी हळू गाठ मारली न्हवती ह्या मानसानं." पान खुडायचं तेही अंगठ्याच्या नखानं, देठ न दुखवता. आबांचा माल पाटोद्याच्या बाजारात आला की दुसऱ्या पानवाल्यांनी आपल्या पाट्यांवर ओलं फडकं ओढून घ्यावं. आणि हे सगळं उभं होतं विहिरीच्या पाण्यावर. पानवेल हे असं बाळ आहे की त्याला एक दिवसाआड पाजलं नाही तर ते तिसऱ्या दिवशी मान टाकतं.

त्या उन्हाळ्यात विहीर इतकी खोल गेली की पोहरा सोडून माणूस जेवून यायचा तेव्हा कुठं पाण्याचा आवाज. कावळे उडायचे बंद होऊन पायी चालायला लागले होते. हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ह्यापुढचं मात्र कुणीही सांगेल: रात्रभर झिरपून सकाळी जेमतेम पंधरा मोटा पाणी जमायचं. निम्मं आमच्या पानमळ्याला, निम्मं केरबातात्यांच्या उसाला. निम्म्यानं दोन्ही मरत होते. आबांच्या पानांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या, तिकडं उसाची पाचट करकरायला लागली. शेवटी एका सकाळी केरबातात्या आमच्या ओट्यावर आले. त्यांनी पाणी मागितलं नाही. आमच्या गावात त्या वर्षी कुणी कुणाकडं गेलं तर पाणी मागत नसे. बराच वेळ पागोट्याचा शेव चाळवत बसले.

"गणपा," ते म्हणाले, "दोन लेकरं हायती आन दूद एकाचं. दोघांना पाजून दोनीबी मरतील."

आबा म्हणाले, "खरं हाय, दादा."

"मग एकाला जगवू. पावसापस्तोर सगळं पानी एकाचं. ज्याचं नशीब त्याचं."

आबा लव्हाळ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठ्या टाका." एरवी चिठ्ठ्याच टाकल्या असत्या. देवळापुढं, कुमारिकेच्या हातानं. पण गावावर चाच्यांचं राज्य होतं. ओट्याखालून कुणीतरी ओरडलं, "चिठ्ठ्या कशाला? फासं हायती की!" आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की चिठ्ठी ही गोष्ट पुन्हा कुणी काढलीच नाही. ठरलं असं: उद्या सकाळी विहिरीवर, दोघांचा एकेक डाव, जास्त लूट त्याचं पाणी. फासे मामाचे. ज्याचं रान त्याचाच हात. पंच चांदचाचा, कारण त्याला ना रान ना विहीर, आणि शेवटी खेळ त्याच्याच नावाचा.

आबांनी आयुष्यात करवंटीला हात लावला नव्हता. त्या दिवशी मामानं त्यांना पुढ्यात बसवून शिकवलं. "दाजी, लोभ करू नका. दोन कवट्या दिसल्या आन तात्यांच्या वर एक जरी मोहर आसली की तोंडातून येकच सबुद काडायचा. कोन्ता?" "नांगर," आबा शाळेतल्या पोरासारखं म्हणाले. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मला सुचलं का? सुचलं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते एवढं एक कबूल करायला. मला सुचलं, की खालची आळी ह्या शब्दाचा दुसरा अर्थ लावते. पण ते सांगायचं म्हणजे महिनाभर जिंकलेल्या चिंचोक्यांची गोष्ट सांगायची, सोपानचे नऊ सांगायचे, मळ्याची खोटी शप्पथ सांगायची. मी मनाची समजूत घातली की तात्या त्यांचा शब्द म्हणतील, आबा आपला. फासे काय कुणाची बोली ऐकून पडतात? आणि मायनं हाक मारली म्हणून तरोट्याची भाजी आणि भाकरी खायला उठलो. भाजीत मीठ नव्हतं. एवढं आठवतं.

सकाळी विहिरीच्या काठावर, लिंबाखाली, अख्खं गाव. घोंगडी अंथरली. चाचानं त्या दिवशी धुतलेली टोपी घातली होती. पहिला डाव तात्यांचा. तात्या फासे टाकताना दरवेळी करवंटी कपाळाला लावायचे. चार मोहरा, एक कवटी. मग तीन. मग चार आणि दुसरी कवटी. अकरा. तात्यांनी सोपानकडं पाहिलं, सोपाननं मान हलवली, आणि तात्या म्हणाले, "सुटलं."

"सुटलं म्हंजी?" मामानं विचारलं.

"सुटलं बोले तो बस्स," चाचा म्हणाला. तो खालच्या आळीत राहायचा.

"आस्सं व्हय!" मामा हसला. "मुलूख तशी बोली. चालंल." मी त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी लिंबाच्या बुंध्यावरच्या मुंग्या मोजत होतो.

आबा बसले. मळ्यात शिरताना काढतात तशा त्यांनी वहाणा काढून बाजूला जोडीनं ठेवल्या. पहिल्या फेकीत चार मोहरा आणि एक कवटी. माय बायकांच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून उभी होती. दुसऱ्या फेकीत तीन. सात झाले. तिसऱ्या फेकीत दोन मोहरा, दोन लाटा आणि दुसरी कवटी. नऊ. आता हातात चार फासे, आणि थांबलं तर हार. आबांनी विहिरीपलीकडं मळ्याकडं एकदा पाहिलं. टाकलं. तीन मोहरा, एक लाट. बारा! पोरं ओरडली, कुत्री भुंकली, आणि त्या सगळ्या कालव्यात आबांनी घसा साफ करून शिकवल्याप्रमाणं म्हटलं, "नांगर."

"जितलं! दाजी, जितलं!" मामा एका पायावर उभा राहिला.

"थांबा, मामा," सोपान म्हणाला. "टाकू द्या की काकांना."

"काय टाकू द्या?"

"नांगर म्हनले न्हवं का काका? मग टाकाया लागतंय."

मामाला आधी थट्टा वाटली. पण सोपानच्या मागं खालची आळी उभी होती, आणि त्यांतलं एकही तोंड हसत नव्हतं. "नांगर म्हंजी अजून एकदा!" "आमी म्हैनाभर तसंच खेळतो!" "थांबायचं तर सुटलं म्हनायचं हुतं!" वरच्या आळीतले चारसहा जण "थांबच, थांबच" म्हणाले, पण त्यांचा आवाज त्या गलक्यात बुडाला. केरबातात्या हळू आवाजात म्हणाले, "गणपा, मी लबाडी करत न्हाई. आमच्याकडं असाच खेळ हाय. कुनालाबी इचार." ते खरंच लबाडी करत नव्हते. ती मी करून ठेवली होती.

"आरं खुळ्यांनो, खेळ माजा हाय!" मामा ओरडला. "माजा पाय देऊन आनलाय म्या!"

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "पाय तुमचा, पाव्हणं. पर नांगर आमचा हाय." ह्यावर सगळे हसले, आणि मला वाटतं निकाल तिथंच लागला.

मामा चाचाकडं वळला. "चाचा, तुमच्या जबानीत सांगतो. लंगर! जहाज का लंगर! लंगर डाल्या की जहाज थांबतं!"

चाचानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "लंगर? लंगर बोले तो दर्गे पो खाना मिलता, मियाँ. यां किसकू खाना मिलनेवाला है? पानी के वांदे हैं." मग त्यानं गरिबासारखं चारी बाजूंना पाहिलं. "जित्ते लोगां एक बोलते, वईच सई. मैं क्या जहाज देख्या क्या?"

तेव्हा मी पुढं झालो. "चाचा, म्या सांगतो. नांगर म्हंजी थांबच. खालच्या आळीला म्या खोटं सांगितलतं. सोपानचं नऊ चिंचोकं बुडवाया."

कुणीतरी म्हणालं, "आला! बिबट्या बांदनारा आला!" आणि अख्खं गाव हसलं. लिंबावरची पाखरं उडाली. हसता हसता काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षीचं विहिरीबाहेरचं तेवढंच पाणी. सोपान मात्र हसला नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"रंग्या, तू मळ्याची शप्पत घेतलतीस. तवा खोटं बोललास, का आता खोटं बोलतोस?"

"तवा."

"मग आता खरं कशावरून?"

ह्या प्रश्नाला उत्तर असेल तर मला ते अजून सापडलेलं नाही. सत्तर वर्षांचा झालो, पुष्कळ माणसांना बोलण्यात गुंडाळलं, तरी नाही. मी आबांकडं पाहिलं. तेही माझ्याकडं पाहत होते. रागानं नव्हे. एखाद्या पानाची कड तांबूस झाली का हे बघताना पाहायचे, तसे.

"दगडू, खाली बस," आबा म्हणाले. "पंचांचा सबुद झाला. आन ही मंडळी म्हनत्यात ते काय वावगं न्हाई. म्याबी नांगर धरल्यावर तास अर्ध्यात कदी सोडला न्हाई." त्यांनी चार फासे उचलून करवंटीत टाकले. खुळखुळवलेसुद्धा नाहीत. नुसते उपडे केले. मोहर. मोहर. लाट. चौथा फासा घोंगडीच्या काठापर्यंत गेला, एका कोपऱ्यावर भोवऱ्यासारखा फिरला, इतका वेळ फिरला की मला वाटलं पाऊस येईपर्यंत हा असाच फिरत राहील, आणि मग तो दमून पडला. कवटी वर.

आबा उठले. वहाणा हातात घेऊन, पायात न घालता, घरी आले. मायनं भाकरी वाढली. ती मला वाढत नव्हती. आबा म्हणाले, "वाढ त्याला." एवढंच. त्यांनी मला मारलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मार खाल्लेल्या गोष्टी माणूस विसरतो.

मामा चौथ्या दिवशी गेला. जाताना फासे विहिरीत टाकायला निघाला होता; मग म्हणाला, त्यांना बुडायलाबी पाणी न्हाई, आणि ते मला देऊन गेला. पाच कुठंतरी हरवले. एक अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. गावानं सगळं खापर मामावर फोडलं: पाव्हणा अवदसा घेऊन आला आणि गणपाचा मळा खाऊन गेला. मी कबूल करून चुकलो होतो, पण ते कुणी धरलंच नव्हतं. पुन्हा कबूल करायचा मी प्रयत्न केला नाही.

मळा मरायला नऊ दिवस लागले. आधी वरची कोवळी पानं लोंबली, मग खालची पिवळी पडून गळू लागली. रोज सकाळी आबा आत जायचे, वहाणा काढून, आणि सुटलेल्या गाठी पुन्हा बांधायचे. वाळलेल्या वेलाला, भिजवलेल्या लव्हाळ्यानं. लव्हाळा भिजवायला ते आपल्या वाटचं पिण्याचं पाणी घ्यायचे, हे मायला ठाऊक होतं. अकराव्या दिवशी विहिरीत मोट चिखलावर आदळली. त्यानंतर उसाचीही सरपणाला मोळी झाली. पंधरा मोटांनी त्याला वाचवलं नाही, तसं आमच्या मळ्यालाही वाचवलं नसतं. चारदोन दिवसांचा फरक पडला असता. हे हिशेबानं खरं आहे. मी कितीदा तरी हा हिशेब मांडला. त्यानं काही होत नाही. केरबातात्या त्या दिवशी येऊन आबांशेजारी बसले. दोघं संध्याकाळपर्यंत बसून होते.

मग आबांनी शेवऱ्या तोडल्या. पाला शेळ्यांना घातला. आणि एका सकाळी नांगर खांद्यावर घेऊन मला म्हणाले, "बैलं आन." मळ्याच्या तोंडाशी मी सवयीनं थांबलो, वहाणा काढायला. आबा थांबले नाहीत. वहाणांसकट आत गेले. जिथं सतरा वर्षं हिरवा अंधार होता तिथं पांढरं ऊन पडलं होतं, आणि जमिनीला हात हात भेगा. जू मांडलं, आबांनी रुमणं धरलं, मी बैलांपुढं झालो. एक तास पुरा झाला. दुसरा झाला. फाळाला मुळ्या लागायच्या आणि कट्‌कट्‌ तुटायच्या; पानाचा वास यायचा, तिखट, जसा पाटी उघडल्यावर बाजारात यायचा तसा. तिसऱ्या तासाच्या मध्यावर बैल आपोआप थांबले. मी वळून पाहिलं. आबांचे हात रुमण्यावर नव्हते. ते नुसते उभे होते.

"आबा," मी म्हणालो, "तास ऱ्हायला की अर्धा."

ते माझ्याकडं न बघता, दगडूमामानं शिकवलं होतं तसंच, म्हणाले, "नांगर."

मी बैलं सोडली.